उत्तर आहे, रीत नाही

1954 च्या सुरुवातीला, मृत्यूच्या काही महिने आधी, अ‍ॅलन ट्युरिंग यांचा एक लेख ‘पेंग्विन’च्या ‘सायन्स न्यूज’ या पुस्तिकेत प्रसिद्ध झाला. वाचक सामान्य, विषय मात्र गणिताच्या अगदी टोकाचा: कोणते प्रश्न ठरावीक रीतीने सुटतात, आणि कोणत्या प्रश्नांसाठी अशी रीत असूच शकत नाही. सरकत्या चौकोनांच्या कोड्यापासून सुरुवात करून ते दोऱ्याच्या गाठींपर्यंत गेले आणि ओघात त्यांनी एक ताजी बातमीही दिली. ‘गटांमधला शब्दांचा प्रश्न’ सोडवण्याची रीत असू शकत नाही, असे रशियातून नुकतेच जाहीर झाले होते.

ती बातमी खरी ठरली. विसाव्या शतकातल्या गणिताने जे काही कमावले, त्यात तिचे स्थान फार वरचे आहे. तरीही आज आपल्याकडे संगणक, अल्गोरिदम, कृत्रिम बुद्धिमत्ता यांवर एवढे बोलले जाते, त्यात तिचा उल्लेख जवळजवळ नसतो. जे बोलले जाते त्यामागे एक समजूत गृहीत असते: आज न सुटणारा प्रश्न उद्याचे मोठे यंत्र सोडवेल, फक्त ताकद आणि विदा वाढवत राहा. काही प्रश्नांबाबत ही समजूत चूक आहे आणि ती चूक आहे हे सिद्ध झालेले आहे. ही सिद्धता निराशेची नाही. ती नेमकी कशाला ‘नाही’ म्हणते हे समजून घेतले, तर यंत्रांकडून काय मागावे आणि काय मागू नये याचे भान येते. म्हणून ती सर्वांपर्यंत पोहोचायला हवी.

गणितातला गट म्हणजे उलटवता येणाऱ्या क्रियांचे कुटुंब. एकीपाठोपाठ दुसरी क्रिया केली तर होणारी क्रियाही त्याच कुटुंबातली, आणि केलेले सगळे मागे घेता येते. रुबिकच्या घनाच्या फिरवण्यांचा असाच गट होतो. त्यात 43,252,003,274,489,856,000 स्थिती आहेत. आकडा छाती दडपणारा असला तरी मर्यादित आहे, आणि मर्यादित असल्यामुळे हिशेब संपतो. 2010 मध्ये गूगलच्या संगणकांवर, एका साध्या संगणकाला सुमारे 35 वर्षे पुरली असती एवढी आकडेमोड करून हे सिद्ध झाले की कोणताही विस्कटलेला घन 20 किंवा त्याहून कमी चालींत जुळतो. इथे ताकद कामी आली.

अडचण सुरू होते ती अनंत गटांपाशी. अनंत गट कागदावर मावत नाही. मग त्याचे वर्णन काही अक्षरे आणि काही नियम देऊन करतात. प्रत्येक अक्षर म्हणजे एक क्रिया, अक्षरांची ओळ म्हणजे शब्द, आणि नियम म्हणजे कोणते तुकडे एकमेकांच्या जागी ठेवता येतात ते. प्रत्येक अक्षराला त्याची उलट क्रियाही असते, त्यामुळे समीकरणाच्या दोन्ही बाजूंना एकाच टोकाला असलेले तेच अक्षर खोडता येते. ‘शब्दांचा प्रश्न’ एवढाच: दिलेला शब्द नियमांनी बदलत बदलत पूर्ण पुसता येतो का?

एक उदाहरण हाताने करून पाहण्याजोगे आहे. अक्षरे दोनच, क आणि ख. पहिला नियम: ‘कख’ आणि ‘खखक’ सारखे. दुसरा नियम: ‘खक’ आणि ‘ककख’ सारखे. आता ‘कख’ घ्या. पहिल्या नियमाने त्याचे ‘खखक’ होते. शेवटच्या ‘खक’ला दुसरा नियम लावला की ‘खककख’. सुरुवातीच्या ‘खक’ला तोच नियम लावला की ‘ककखकख’. मधल्या ‘खक’ला पुन्हा लावला की ‘ककककखख’. म्हणजे ‘कख’ आणि ‘ककककखख’ सारखेच. दोन्हीकडून डावीकडचा एक क आणि उजवीकडचा एक ख खोडला की एका बाजूला काहीच उरत नाही आणि दुसऱ्या बाजूला ‘कककख’ राहते. याचा अर्थ ख म्हणजे तीनदा उलटवलेला क. मग क आणि ख यांचा क्रम बदलला तरी चालतो. तसे असेल तर पहिल्या नियमातून ख नाहीसा होतो आणि त्यामागोमाग दुसऱ्या नियमातून कसुद्धा. एवढी अक्षरे, एवढे नियम, आणि गटात काही न करणे ही एकच क्रिया उरते.

याच धर्तीवर तीन अक्षरांचे चक्र केले, म्हणजे प्रत्येक अक्षराचा पुढच्याशी आणि शेवटच्याचा पहिल्याशी असाच नियम, तरी गट असाच कोसळतो. चार अक्षरांचे चक्र केले की मात्र तो अनंत होतो! 1951 मध्ये ग्रॅहम हिग्मन यांनी हे दाखवले. नियमांच्या ठेवणीत काही फरक नाही, फक्त एक अक्षर वाढले. नुसते नियम पाहून हा फरक कोणाच्याही लक्षात येणार नाही.

वरच्या गणितातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. दोन अक्षरांचा शब्द आधी सहा अक्षरांचा झाला आणि मगच सगळे पुसले गेले. लहान होण्यासाठी आधी मोठे व्हावे लागले. किती मोठे व्हावे लागेल याचा अंदाज आधी बांधता आला असता, तर तेवढ्या लांबीपर्यंतच्या सगळ्या चाली तपासून प्रश्न मिटवता आला असता.

हा शब्दांचा प्रश्न नेमकेपणाने मांडला तो मॅक्स डेन यांनी, 1911 मध्ये. डेन हे डाव्हिड हिल्बर्ट यांचे विद्यार्थी. हिल्बर्ट यांनी 1900 मध्ये जगापुढे ठेवलेल्या प्रसिद्ध प्रश्नांपैकी तिसरा डेन यांनी लगेचच सोडवला होता. गटांकडे ते आकारांच्या अभ्यासातून वळले. एखाद्या पृष्ठभागावर दोरी फिरवून परत सुरुवातीच्या जागी आणली, तर ती न तोडता आक्रसून एका बिंदूत गोळा होते का? चेंडूवर नेहमी होते. मध्ये भोक असलेल्या कड्यावर काही वेळा अडकते. अशा वेटोळ्यांचा गट बनतो, आणि दोरी गोळा होणे म्हणजेच शब्द पुसला जाणे. डेन यांनी तीन प्रश्न विचारले. शब्द पुसला जातो का? दोन शब्द एकाच क्रियेची वेगळ्या बाजूने पाहिलेली रूपे आहेत का? आणि दोन वेगळी वर्णने एकाच गटाची आहेत का? 1912 मध्ये त्यांनी दोन किंवा अधिक भोके असलेल्या पृष्ठभागांसाठी पहिल्या प्रश्नाची सुरेख रीत दिली. तिथे पुसला जाणारा शब्द असेल तर त्यात कुठे तरी एखाद्या नियमाचा अर्ध्याहून मोठा तुकडा सापडतोच; त्याच्या जागी उरलेला लहान तुकडा ठेवा, शब्द आखूड होईल, पुन्हा शोधा. प्रत्येक पायरीला लांबी घटत असल्याने हे काम संपतेच.

या माणसाची पुढची वाट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. फ्रँकफर्टला प्राध्यापक असलेल्या डेन यांना ज्यू म्हणून 1935 मध्ये नोकरी सोडावी लागली. नोव्हेंबर 1938 च्या हिंसाचारात त्यांना अटक झाली. सुटल्यावर ते नॉर्वेत ट्रोनहाइमला गेले, तर 1940 मध्ये जर्मन सैन्य तिथेही आले. मग साठी ओलांडलेले डेन आणि त्यांची पत्नी सैबेरियातून जाणाऱ्या रेल्वेने पूर्वेकडे निघाले आणि जपानमार्गे 1941 च्या पहिल्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. त्यांच्या तोलाची नोकरी अमेरिकेत मिळाली नाही. 1945 पासून नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्लॅक माउंटन कॉलेज या छोट्या, कलांसाठी नावाजलेल्या संस्थेत ते एकटेच गणितज्ञ होते. 1952 मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी मॉस्कोत प्योत्र नोविकोव्ह यांनी डेन यांच्या पहिल्या प्रश्नाचा निकाल जाहीर केला.

सविस्तर सिद्धता 1955 मध्ये आली, जवळपास दीडशे पानांची. विल्यम बून यांनी अमेरिकेत स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष गाठला. सिद्धतेची कल्पना अशी की नियमांच्या यादीत एक आख्खे संगणकयंत्र लपवता येते. शब्द म्हणजे यंत्राची अवस्था, नियम लावणे म्हणजे यंत्राचे एक पाऊल, शब्द पुसला जाणे म्हणजे यंत्र थांबणे. कोणते यंत्र थांबेल आणि कोणते कायम चालत राहील हे ठरवणारी एकच रीत असू शकत नाही, हे ट्युरिंग यांनी 1936 मध्येच दाखवले होते. नुसत्या शब्दखेळांसाठी, जिथे क्रिया उलटवता येत नाहीत, एमिल पोस्ट आणि आंद्रेई मार्कोव्ह यांनी 1947 मध्ये हा धागा जोडला, आणि 1950 मध्ये स्वतः ट्युरिंग गटांच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचले. उंबरठा ओलांडणे मात्र अवघड होते. गटात सगळेच उलटवता येते, त्यामुळे भलतीच अक्षरे एकमेकांना खोडून लपवलेल्या यंत्राचा हिशेब बिघडवू शकतात. तसे होणार नाही अशी नियमांची बांधणी करणे, हे नोविकोव्ह आणि बून यांचे खरे कर्तृत्व.

त्यांनी काय सिद्ध केले हे काटेकोरपणे सांगायला हवे, कारण घोटाळा इथेच होतो. अक्षरांची आणि नियमांची अशी एक मर्यादित यादी आहे की तिच्यातला कोणताही शब्द दिल्यावर ‘पुसला जातो’ किंवा ‘जात नाही’ असे बिनचूक सांगणारा अल्गोरिदम असू शकत नाही. प्रत्येक शब्दाला उत्तर आहेच, हो किंवा नाही. सगळ्या शब्दांना पुरणारी एक रीत नाही. ‘हो’च्या बाजूला फारशी अडचणही नाही, नियम लावत राहिले तर पुसला जाणारा शब्द कधी ना कधी पुसला जातोच. घरात हरवलेली किल्ली सापडली की शोध संपतो, पण ती घरात नाहीच हे नुसते शोधत राहून कळत नाही. इथे तर घराला शेवटची खोलीच नाही. हजार वर्षे शब्द पुसला गेला नाही, तर तो उद्या पुसला जाईल की कधीच नाही, हे त्या हजार वर्षांवरून ठरत नाही.

दार एकदा उघडल्यावर बाकीचे भराभर बाहेर आले. नोविकोव्ह यांचे विद्यार्थी सर्गेई अद्यान आणि त्यांच्यापाठोपाठ मायकेल राबिन यांनी दाखवले की नियमांची यादी पाहून गट रिकामा (म्हणजे काही न करणे ही एकच क्रिया असलेला) आहे का, मर्यादित आहे का, त्यात क्रियांचा क्रम बदलला तर चालते का, यांपैकी काहीही ठरवणारी सर्वसाधारण रीत नाही. म्हणजे वरच्या क-ख उदाहरणात जे चार ओळींत झाले, ते प्रत्येक यादीसाठी करून दाखवणारा अल्गोरिदम कोणीही कधीही लिहिणार नाही. 1958 मध्ये मार्कोव्ह यांनी हाच निकाल आकारांपर्यंत नेला: चार मितींचे दोन अवकाश दिले, तर ते मुळात एकच आहेत का हे ठरवण्याची रीत नाही. अक्षरांच्या खेळातून निघालेली मर्यादा भूमितीला जाऊन भिडली.

इथे थांबून ‘म्हणजे सगळेच अशक्य’ असा निष्कर्ष काढणे, हा दुसऱ्या बाजूचा घोटाळा. ‘प्रत्येक गटासाठी’ यातला ‘प्रत्येक’ जरा सैल केला की चित्र पालटते. डेन यांचे विद्यार्थी विल्हेल्म माग्नुस यांनी 1932 मध्येच दाखवले की नियम एकच असेल, तर शब्दांचा प्रश्न नेहमी सुटतो. 1987 मध्ये मिखाइल ग्रोमोव्ह यांनी ‘हायपरबोलिक’ गटांचा मोठा वर्ग उभा केला. डेन यांची आखूड करत जाण्याची जुनी रीत नेमकी याच गटांना लागू पडते. त्याहून नवलाची गोष्ट ही की यदृच्छेने लांब नियम निवडले, तर हाती येणारा गट जवळजवळ नेहमी याच वर्गातला निघतो. न सुटणारी उदाहरणे खरी आहेत, पण ती मुद्दाम घडवावी लागतात. गाठींचेही तसेच. दोरीचा गुंता ही खरी गाठ आहे की नुसता वाटणारा गुंता, हे ठरवण्याची रीत वोल्फगांग हाकेन यांनी 1961 मध्ये प्रसिद्ध केली. हेच हाकेन पुढे 1976 मध्ये केनेथ अपेल यांच्यासह चार रंगांच्या प्रमेयामुळे जगभर गाजले.

ताकद आणि युक्ती यांतला फरक सर्वांत ठळक दिसतो तो बाउमस्लाग आणि गेर्स्टन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गटात. अक्षरे दोन, नियम एक. माग्नुस यांच्या प्रमेयामुळे रीत आहे याची खात्री होती. पण एखादा शब्द पुसायला नियम किती वेळा लावावा लागतो ते मोजले, तर 2 चा घात, त्या घाताचा घात, पुन्हा त्याचा घात असे मनोरे उभे राहतात. विश्वातले सगळे अणू आकडेमोडीला जुंपले तरी ते पुरणार नाहीत. 2011 मध्ये मियास्निकोव्ह, उशाकोव्ह आणि वोन यांनी हे अजस्र आकडे प्रत्यक्ष न लिहिता आटोपशीर आकृत्यांत साठवण्याची युक्ती काढली. त्यामुळे तोच प्रश्न आता व्यवहार्य वेळात सुटतो. मोठ्या यंत्राने हे काम झाले नसते. दोन-चार माणसांच्या कल्पनेने झाले.

‘काही उदाहरणे अवघड आहेत’ आणि ‘जवळपास प्रत्येक उदाहरण अवघड आहे’ यांत गल्लत झाली की काय होते, याचा दाखला गुप्तलेखनात मिळतो. 1999 मध्ये आन्शेल, आन्शेल आणि गोल्डफेल्ड यांनी, आणि 2000 मध्ये कोरियातल्या गणितज्ञांनी, वेण्यांच्या गटांवर आधारलेल्या गुप्त किल्ल्या सुचवल्या. दोऱ्यांच्या वेणीत पेडांची अदलाबदल करणे म्हणजे क्रिया. त्यातला डेन यांचा दुसरा प्रश्न सोडवायला जड, म्हणून कुलूप पक्के, असा विचार. पण कुलूप टिकायचे तर प्रत्यक्ष वापरातली जवळपास प्रत्येक किल्ली अवघड असावी लागते. एखादीच अवघड असून भागत नाही. पुढच्या काही वर्षांत त्यांवर परिणामकारक हल्ले निघाले आणि सुरुवातीचा उत्साह ओसरला.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे. 2024 मध्ये कॅलटेकचे सर्गेई गुकोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, बक्षीस-शिक्षेतून शिकणारी यंत्रे आपल्या क-ख उदाहरणाच्या जातीच्याच कोड्यांवर सोडली. 1965 च्या अँड्र्यूज–कर्टिस अनुमानाशी जोडलेली ही कोडी: रिकाम्या गटाचे किचकट वर्णन ठरावीक चालींनी सरळ करायचे. दीर्घकाळ अडलेली काही उदाहरणे त्यांनी निकालात काढली. हे यश खरे आहे आणि त्याचे कौतुकच करायला हवे. मात्र यंत्राला एखादे कोडे सुटले नाही, तर ते न सुटणारे आहे की शोध कमी पडला, हे यंत्र सांगू शकत नाही. ते सांगायला सिद्धता लागते. यंत्र वाट शोधते तेव्हा त्याने दिलेले ‘हो’ तपासता येते. त्याचे मौन म्हणजे ‘नाही’ असे समजणे ही चूक आहे. सरकारी कामापासून वैद्यकापर्यंत यंत्रांच्या निर्णयांवर विसंबण्याच्या काळात हा भेद केवळ गणितज्ञांपुरता राहू नये.

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत कम्प्युटर शाखेला ‘थिअरी ऑफ कम्प्युटेशन’ किंवा तशाच नावाचा विषय असतो. ट्युरिंगचे यंत्र त्यात असते, न ठरणाऱ्या प्रश्नांची व्याख्याही असते. पण ती बहुतेक वेळा शेवटच्या युनिटात, परीक्षा तोंडावर आल्यावर, पाठ करण्यापुरती. प्रवेश परीक्षांच्या तयारीतून घडलेल्या मुलांनी तोवर हजारो गणिते सोडवलेली असतात आणि त्यातल्या प्रत्येकाला ठरलेली रीत होती. रीत आहे का, हाच प्रश्न असू शकतो, हे त्यांना या टप्प्यावर पहिल्यांदा कळते आणि आठवडाभरात विसरलेही जाते. हे नुकसान फार मोठे आहे, आणि ते टाळणे अवघड नाही.

‘गॅप’ नावाची गटांसाठीची मोफत आज्ञावली आहे. तिच्यात टॉड आणि कॉक्सेटर यांची 1936 ची रीत चालवता येते: गट मर्यादित असेल तर ती कधी तरी थांबून गटाचे आकारमान सांगते, अनंत असेल तर थांबत नाही. प्रयोगशाळेतल्या एका तासिकेत मुलांना हिग्मन यांची चक्रे देता येतील. दोन अक्षरांचे चक्र आणि तीन अक्षरांचे चक्र दिले की उत्तर येते: एक. चार अक्षरांचे दिले की संगणक कोष्टक वाढवत राहतो, स्मृती भरते आणि काम अर्धवट सोडून संदेश येतो. तेव्हा शिक्षकांनी विचारावे, या संदेशावरून गट अनंत आहे असे म्हणता येईल का? मुले ‘हो’ म्हणतील. मग हिग्मन यांचा युक्तिवाद फळ्यावर मांडावा, म्हणजे संदेश आणि सिद्धता यांतले अंतर त्यांना दिसेल.

त्याच तासिकेत हेही सांगावे की काम संपलेले नाही. एका नियमाच्या दोन गटांची वर्णने दिली, तर ते एकच गट आहेत का हे नेहमी ठरवता येते का, याचा निकाल डेन यांच्या प्रश्नाला शतक उलटून गेले तरी लागलेला नाही. तीन मितींचा गोल ओळखण्याची रीत रुबिनस्टाइन आणि थॉम्पसन यांनी 1990 च्या दशकात दिली. पाच आणि त्यापुढच्या मितींत अशी रीत नाही, हे प्योत्र नोविकोव्ह यांचे पुत्र सर्गेई नोविकोव्ह यांनी दाखवले. मधल्या चार मितींत गोल ओळखण्याची रीत आहे की नाही, यावर आजही काम चालू आहे.